अवतार बदलला तरी चाल बदलत नाही

मागच्या दिवाळीत माझा मावसभाऊ भेटायला आला, तो रोबोट होऊन. तो डॅलसला असतो, मी पुण्यात. दोघांकडेही व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जगात नेणारी यंत्रं आहेत आणि महिन्यातून एखाद्या रविवारी आम्ही एका आभासी खोलीत जमतो. त्या दिवशी खोलीत आठ-दहा जण होते, बहुतेक अनोळखी. कोपऱ्यात राखाडी पत्र्याचा एक रोबोट उभा होता. नाव भलतंच, माइक बंद. त्यानं माझ्याकडे वळून मान किंचित उजवीकडे कलती केली, डावा हात पाठीमागे नेला आणि मी बोलून गेले, "दादा, तू कधी आलास?"

तो चकितच झाला. चेहरा बदलला होता, उंची बदलली होती, आवाज तर नव्हताच. पण बोलायच्या आधी मान कलती करायची सवय त्याला मावशीकडून आली आहे, ती पत्र्याच्या डोक्यातूनही दिसली. मग मला वाटलं, मी त्याला लहानपणापासून ओळखते म्हणून हे जमलं. ज्या कंपनीचा सर्व्हर त्याची प्रत्येक हालचाल आकड्यांत टिपतो, तिला हे किती सोपं जात असेल?

अवतार हा शब्द आपल्याकडून तिकडे गेला. १९८०च्या दशकापासून संगणकाच्या खेळांत खेळाडूच्या आकृतीला अवतार म्हणू लागले. आपल्याला तो शब्द आधीपासून नीट कळतो: रूप वेगळं, आतला तोच. आभासी जगात ओळख जपायची तर ही दुसरी अर्धी बाजू विसरून चालत नाही.

हेडसेटचं काम कसं चालतं ते आधी पाहू. तुम्ही मान वळवली की समोरचं दृश्यही त्याच क्षणी वळायला हवं, नाहीतर गरगरतं, मळमळतं. त्यासाठी यंत्राला तुमचं डोकं आणि दोन्ही हात नेमके कुठे आहेत हे सतत मोजावं लागतं. प्रत्येकाची जागा सांगायला तीन आकडे आणि कल सांगायला तीन, म्हणजे तिघांचे मिळून अठरा. ही मोजणी सेकंदाला नव्वद वेळा झाली असं धरलं तर दहा मिनिटांत साडेनऊ लाखांहून जास्त आकडे होतात. हे बंद करण्याची सोय नाही, कारण ते बंद केलं तर व्हीआरच बंद पडतं. आणि खोलीत दुसरे लोक असतील, तर तुमचा अवतार त्यांना हलताना दिसावा म्हणून यातले बरेच आकडे सर्व्हरवर आणि तिथून इतरांच्या यंत्रांवर जातात.

नुसत्या हालचालीतून माणूस ओळखता येतो हे शास्त्रज्ञांना हेडसेट येण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. १९७३ मध्ये स्वीडनच्या गुन्नार योहानसन यांनी माणसांच्या सांध्यांवर छोटे प्रकाशबिंदू लावून अंधारात त्यांचं चित्रण केलं. पडद्यावर मोजकेच ठिपके, पण बघणाऱ्यांना चालणारा माणूस लगेच दिसला. चार वर्षांनी अमेरिकेत असाच प्रयोग मित्रमंडळींवर झाला. लोकांनी नुसत्या ठिपक्यांच्या चालीवरून आपले मित्र ओळखले. नेहमीच नाही, पण अंदाजपंचे ठोकून जमलं असतं त्याहून बरंच जास्त वेळा.

आता ठिपक्यांऐवजी हेडसेट आहे आणि बघणाऱ्याऐवजी संगणक. २०२० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ५११ जणांना व्हीआरमध्ये चित्रफिती दाखवल्या. पाच मिनिटांपेक्षाही कमी हालचालीवरून त्यांच्या प्रणालीनं ९५ टक्के वेळा नेमका माणूस ओळखला. २०२३ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटानं याहून मोठा डाव मांडला. 'बीट सेबर' नावाचा खेळ आहे. गाण्याच्या तालावर ठोकळे अंगावर येतात, ते दोन्ही हातांतल्या प्रकाशाच्या तलवारींनी कापायचे. या खेळाच्या ५५,५४१ खेळाडूंच्या हालचालींच्या नोंदी त्यांनी घेतल्या. शंभर सेकंदांच्या हालचालीवरून ९४ टक्क्यांहून जास्त वेळा, आणि फक्त दहा सेकंदांवरून ७३ टक्के वेळा, पंचावन्न हजारांतून बरोबर माणूस निघाला. दहा सेकंदांत चहात साखर ढवळून होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण अशा बातम्या वाचून लोक उगाच घाबरतात. तुम्ही हेडसेट घातला की पडद्यावर तुमचं नाव झळकतं, असं होत नाही. ओळख पटवायला तुमच्या हालचालीचा जुना नमुना आधी कुणाकडे तरी असावा लागतो. बोटाच्या ठशाचंही तसंच असतं. पण हाच नमुना एका जगात तुमच्या खऱ्या नावाला चिकटलेला असेल आणि दुसऱ्या जगात तुम्ही टोपणनावानं वावरत असाल, तर दोन्हींची गाठ मारता येते. आजाराच्या मदतगटात कुणी वेगळ्या नावानं जातं, कुणी घरच्यांना न सांगितलेली गोष्ट तिथे बोलतं. त्यांच्यासाठी ही गाठ फार महाग पडू शकते.

शिवाय हालचालीतून ओळखीपलीकडचंही बरंच कळतं. उंची तर हेडसेट जमिनीपासून किती वर आहे यावरून सरळ समजते. हात पसरले की त्यांची लांबी. बर्कलीच्याच संशोधकांनी मुद्दाम एक कोड्यांचा खेळ बनवला होता. दिसायला साधा, पण प्रत्येक कोड्यामागे एक मोजमाप लपवलेलं. एका कोड्यातून रंग नीट ओळखता येतात का ते कळे, दुसऱ्यातून प्रतिक्रिया देण्याचा वेग. अशा पंचवीसहून जास्त खासगी गोष्टी त्यांना काढता आल्या आणि खेळणाऱ्याला आपण काही सांगितलं असं वाटलंही नाही.

हे झालं रोबोटाच्या किंवा कार्टूनच्या अवताराबद्दल. आता त्यावर स्वतःचा खराखुरा चेहरा चढवला तर काय होतं?

हे समजायला मला कळसूत्री बाहुल्यांचा उपयोग झाला. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातले कलाकार पिढ्यान्पिढ्या या बाहुल्या नाचवत आले आहेत. बाहुली वेगळी, तिच्या दोऱ्या वेगळ्या. बाहुली पेटीत पडून असते, खेळ सुरू झाला की दोऱ्या हातात येतात आणि तीच बाहुली जिवंत होते. हुबेहूब अवताराचंही तसंच आहे. तुमच्या चेहऱ्याचं स्कॅन करून एकदा बाहुली तयार होते. नंतर हेडसेटमधले कॅमेरे तुमचे डोळे, ओठ, भुवया बघून दोऱ्या ओढत राहतात. म्हणून प्रश्नही दोन पडतात. बाहुली कुणाच्या पेटीत आहे? आणि दोऱ्या कुणाच्या हातात?

पहिला प्रश्न मला एका मोबाइल ॲपनं शिकवला. दोन वर्षांपूर्वी हौसेनं मी त्यावर स्वतःचा अवतार बनवायला घेतला. फोन डोळ्यांच्या उंचीवर धरा. हळूहळू डावीकडे वळा, आता उजवीकडे. भुवया उंचवा, गाल फुगवा, दात दिसतील असं हसा, डोळे मिटा. तीन-चार मिनिटांत पडद्यावर मी पापण्यांची उघडझाप करू लागले. हनुवटीवर सातवीत सायकलवरून पडल्याची खूण आहे, तीसुद्धा जशीच्या तशी उमटली होती. ती पाहिल्यावर मी थांबले आणि घाईत 'मान्य आहे' म्हणून पुढे ढकललेल्या अटी परत उघडल्या. चेहऱ्याचं स्कॅन 'सेवा सुधारण्यासाठी' भागीदार कंपन्यांना देता येईल, असं तिथे होतं. खातं बंद केल्यावर ते स्कॅन किती दिवसांत पुसणार, याचा मात्र शब्दही नव्हता. मी पुसून टाका म्हणून दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा एकच ठरावीक उत्तर आलं. माझी बाहुली आज कुठल्या पेटीत आहे हे मला माहीत नाही, आणि ही बोच अजून गेलेली नाही. पासवर्ड फुटला तर मी पाच मिनिटांत नवा ठेवते. हनुवटीवरची खूण मी कशी बदलू?

सगळीकडे असं नसतं. काही यंत्रांत स्कॅन यंत्रातच कुलूपबंद राहतं. पण बाहुली जितकी हुबेहूब, तितकी तिची सोय गुंतागुंतीची. मेटा कंपनी 'कोडेक अवतार' नावाच्या तंत्रावर बरीच वर्षं काम करते आहे. तुमच्या चेहऱ्याचं पूर्ण चित्र दर क्षणी पाठवणं फार जड पडतं, म्हणून तुमच्या बाजूनं फक्त हावभावांचे छोटे संकेत जातात आणि पलीकडचं यंत्र त्यांवरून तुमचा चेहरा उभा करतं. म्हणजे दोऱ्यांची ओढ इथून, पण बाहुली तिकडे. अशा रचनेत तुमची बाहुली पलीकडच्या यंत्रापर्यंत पोचलेली असावी लागते, आणि तिथून ती कुणी काढून घेऊ नये ही जबाबदारी तंत्र बनवणाऱ्यावर येते.

दुसरा प्रश्न दोऱ्यांचा. यात २०२४ साली उघड झालेली एक गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. ॲपलच्या व्हिजन प्रो हेडसेटमध्ये 'पर्सोना' नावाचा हुबेहूब अवतार असतो. हेडसेट चेहऱ्यासमोर धरून तो बनवायचा, मग व्हिडिओ कॉलवर तुमच्या जागी तोच दिसतो. या यंत्रावर टाइप करायची एक तऱ्हा अशी, की हवेत तरंगणाऱ्या कीबोर्डवरच्या अक्षराकडे बघायचं आणि बोटं चिमटीसारखी जुळवायची. आता तुम्ही कुठे बघता ही फार नाजूक माहिती आहे हे ओळखून ॲपलनं ती कुठल्याही ॲपला द्यायची नाही असं आधीच ठरवलं होतं. चांगला निर्णय. पण पर्सोना काय करत होता? तो मालकाचे डोळे इमानदारीनं हलवत होता. तुम्ही कॉलवर असताना पासवर्ड टाइप केला, तर समोरच्याच्या पडद्यावर तुमच्या अवताराची नजर त्याच क्रमानं या अक्षरावरून त्या अक्षरावर जात होती. दाराला कडी लावली आणि खिडकीत आरसा ठेवला, तसं झालं.

फ्लोरिडा विद्यापीठातल्या आणि त्यांच्यासोबतच्या संशोधकांनी तीस जणांच्या नोंदींवर हे तपासलं. टाइप करताना पापण्या कमी लवतात आणि नजर ठरावीक झेपा घेते, त्यावरून कुणी टाइप करतंय हे आधी ओळखायचं, मग नजरेच्या दिशेवरून अक्षरं. पाच प्रयत्नांच्या आत पासवर्डमधली अक्षरं ७७ टक्के आणि संदेशांमधली ९२ टक्के अचूक निघाली. त्यांनी ॲपलला कळवलं आणि जुलै २०२४च्या अपडेटमध्ये दुरुस्ती आली: हवेतला कीबोर्ड उघडला की पर्सोना थांबतो. ही फट बुजली. पण अवतार हुबेहूब करण्याचा अर्थच असा, की शरीर जे जे नकळत सांगतं ते सगळं तोही सांगणार. डोळे झाले, उद्या श्वास असेल, हाताचा कंप असेल.

याच यंत्रावरून मावसभावानं एकदा मावशीला व्हिडिओ कॉल केला. ती कोल्हापूरला असते. मी तिच्याशेजारी बसले होते, माझा फोन तिच्या हातात. ती त्याच्याशी दहा मिनिटं बोलली, जेवणाचं विचारलं, वाळलास म्हणाली. कॉल संपल्यावर मी सांगितलं, मावशी, तो चेहरा कॅमेऱ्याचा नव्हता, त्याच्या डोक्यावर हेडसेट होता आणि चेहरा संगणकानं काढलेला होता. तिनं फोन खाली ठेवला. "मग तो हसला ते?" हसला तो दादाच, मी म्हटलं, चित्र संगणकाचं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि उद्या दुसरंच कुणी हसलं तर मला कसं कळणार गं?"

मावशीचा प्रश्न मोठमोठ्या कंपन्यांना पडलेला आहे. २०२४च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये अरुप या ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीतला एक कर्मचारी व्हिडिओ बैठकीला बसला. समोर कंपनीचे वरिष्ठ वित्त अधिकारी, ओळखीचे सहकारी. त्याला आधी आलेल्या ईमेलचा संशय आला होता, पण सगळे चेहरे डोळ्यांनी बघून तो निवळला. त्यानं पंधरा वेळा मिळून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. बैठकीत त्याच्याखेरीज कुणीही खरं नव्हतं. हा प्रकार व्हीआरमधला नाही, डीपफेकचा, म्हणजे संगणकानं बनवलेल्या खोट्या चेहऱ्यांचा आहे. पण चेहरा दिसला म्हणजे माणूस आहे, ही आपली हजारो वर्षांची खात्री दोन्हीकडे सारखीच वापरली जाते. आपल्याकडे जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरांच्या तोंडी एका गेमिंग ॲपची जाहिरात घातलेली बनावट चित्रफीत फिरली होती. त्यांना स्वतः पुढे येऊन ती खोटी असल्याचं सांगावं लागलं.

म्हणून आम्ही घरात एक खुणेचा शब्द ठरवला. पैशाचा, ओटीपीचा किंवा तातडीच्या मदतीचा विषय निघाला, की चेहरा कितीही ओळखीचा असो, शब्द विचारायचा. तो जमला नाही तर कॉल ठेवून आपल्याकडे जतन केलेल्या नंबरवर आपण फोन लावायचा. शब्द मावशीनं निवडला आणि तो कुठल्याही फोनवर लिहून ठेवायचा नाही असं तिनंच बजावलं.

कायदा यात किती हात देतो? नावाजलेल्यांना बऱ्यापैकी. मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंह यांचा आवाज, नाव आणि छबी परवानगीशिवाय कृत्रिम बुद्धिमत्तेनं वापरण्यावर मनाई केली. २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही तसंच संरक्षण दिलं. तुमच्याआमच्या चेहऱ्याला बाजारात तेवढी किंमत नाही, पण माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६सी (66C) आणि ६६डी (66D) ही कलमं आहेत. दुसऱ्याची डिजिटल ओळख चोरणं आणि संगणकाच्या मदतीनं तोतयेगिरी करून फसवणं, दोन्ही गुन्हे आहेत आणि दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आहे. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा तुम्हाला संमती मागे घेण्याचा आणि माहिती पुसून घेण्याचा हक्क देतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तो टप्प्याटप्प्यानं लागू होतो आहे. माझी त्याबद्दल एक तक्रार आहे: चेहऱ्याचा नकाशा, नजर, चाल अशा शरीराच्या माहितीसाठी त्यात वेगळा, जास्त कडक वर्ग ठेवलेला नाही. फोन नंबर आणि बुबुळ एकाच रांगेत बसवणं मला पटत नाही. मुलांच्या बाबतीत मात्र तो कडक आहे. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती हवी आणि त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायला मुळात मनाई आहे, काही मोजके अपवाद सोडून.

मी स्वतः काय करते ते सांगते. हुबेहूब चेहरा फक्त दोन ठिकाणी: घरच्यांशी बोलताना आणि ज्यांना मी प्रत्यक्ष भेटले आहे अशा कामाच्या बैठकीत. बाकी सगळीकडे काल्पनिक अवतार, आणि त्यासाठी वेगळं खातं, वेगळा ईमेल. खऱ्या नावाच्या खात्याशी ते कुठेही जोडलेलं नाही. ज्या खोलीत ओळख लपवणं खरंच गरजेचं असेल तिथे मी खुर्चीत बसून भाग घेते. उंची नेमकी कळत नाही, चाल दिसत नाही, हातवारेही आपोआप कमी होतात. मावसभावानं रोबोट होऊन मुद्दाम वेगळं वागायचा प्रयत्न केला होता. पण सवय पाच मिनिटांत परत येते, म्हणून नाटकापेक्षा खुर्ची बरी. हालचालींच्या आकड्यांत थोडी मुद्दाम गडबड मिसळून ओळख पुसण्याचं तंत्र बर्कलीच्या त्याच गटानं बनवून दाखवलं आहे. ते जास्त वापरलं तर खेळातला नेम चुकायला लागतो, पण गप्पा मारायला नेम लागतोच कुठे? अशी सोय हेडसेटच्या सेटिंगमध्येच असायला हवी आणि आपण ग्राहकांनी ती मागायला हवी.

आवाजाकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. चेहरा झाकून स्वतःच्या आवाजात तासभर बोललं तर झाकलं काय? नजर आणि चेहऱ्याच्या हावभावांची परवानगी ज्या ॲपला खरंच लागते त्यालाच द्यावी, आणि नवीन ॲप टाकलं की सेटिंगमध्ये जाऊन ती एकदा बघावी. काही हेडसेट आजूबाजूची खोलीही मोजतात. भिंती, सोफा, दार कुठे आहे याचा नकाशा ही घराची माहिती झाली, आणि घरात आपण एकटेच राहत नाही. तसंच आभासी खोलीतलं रेकॉर्डिंग समाजमाध्यमांवर टाकण्याआधी त्यात दिसणाऱ्या प्रत्येकाला विचारावं. तुम्ही गंमत म्हणून टाकलेल्या दोन मिनिटांत दुसऱ्याच्या चालीचा नमुना असतो.

माझी भाची बारा वर्षांची आहे. तिला स्वतःसारखी दिसणारी बाहुली हवी होती. आम्ही तिला तिच्या आवडीचा पोपट दिला. मोठी झाल्यावर चेहऱ्याचं काय करायचं ते तिचं ती ठरवेल, तोवर तो तिच्याकडेच राहू दे.

अवताराचा गैरवापर झालाच तर आधी पुरावा धरा: स्क्रीनशॉट, रेकॉर्डिंग, समोरच्याचं खात्याचं नाव, तारीख आणि वेळ. त्या आभासी जगाच्या चालकांकडे तक्रार करा, तिचा क्रमांक जपून ठेवा. पैसे गेले असतील तर वेळ न दवडता सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा, कारण पैसे पुढे सरकण्याआधी ते गोठवता आले तर येतात.

आणि जुना हेडसेट विकताना किंवा कुणाला देताना क्रम चुकवू नका. आधी खात्यात जाऊन अवतार आणि चेहऱ्याचं स्कॅन पुसायचं, मग ते खातं यंत्रावरून काढायचं आणि शेवटी फॅक्टरी रीसेट. नुसत्या रीसेटनं यंत्र कोरं होतं, सर्व्हरवर बाहुली असेल तर ती तशीच राहते.